अडगळ कोणाला म्हणता?

मंडळी, जुने घरगुती संगणक जमवणाऱ्यांना वेड्यात काढायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. "मामा, ते सगळं आता एमुलेटरवर चालतं, हा डबा कशाला?" असं आमचे भाचे (दोघेही सॉफ्टवेअरवाले!) विचारतात. एमुलेटर म्हणजे नव्या संगणकाने घेतलेलं जुन्याचं सोंग. पण सोंग घ्यायला मूळ पात्र कुणीतरी जपलेलं लागतं ना?

ब्रिटनचंच बघा. १०८६च्या डूम्सडे बुकला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवा डूम्सडे प्रोजेक्ट केला. दहा लाखांवर लोकांनी, त्यात शाळकरी मुलंही पुष्कळ, आपापल्या भागाची माहिती दिली. ती लेसर डिस्कवर गेली आणि वाचायला बीबीसी मास्टर हा संगणक. जेमतेम पंधरा वर्षांत ही यंत्रं इतकी दुर्मिळ झाली की डिस्क आहे पण वाचता येत नाही अशी पाळी आली. १०८६चं चर्मपत्र मात्र खुशाल वाचता येत होतं! शेवटी माहिती सोडवली ती कुणीतरी चालू ठेवलेल्या जुन्या यंत्रांच्या जिवावर.

आपल्याकडे १९८४ मध्ये सरकारने 'क्लास' योजनेत निवडक शाळांना बीबीसी मायक्रो दिले. मेमरी अवघी ३२ केबी. तेवढ्यात मुलं बेसिकमध्ये प्रोग्राम लिहायला शिकली. पुढे काय? डेडस्टॉक रजिस्टर, निर्लेखन, भंगारवाला. एका शाळेत तर संगणकाबरोबर मुलांच्या प्रोग्रामच्या कॅसेटही किलोवर गेल्या. खुर्ची मोडली तर आम्ही तीन सह्या घेत होतो, पण मुलांनी लिहिलेलं फेकायला एकही सही लागली नाही. असो.

शोकेसमध्ये यंत्र पुसून ठेवणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. कॅसेट नाही, फ्लॉपी नाही, चालू तर कधी केलेलं नाही. मग त्यात आणि पितळी समईत फरक काय? (समई निदान दिवाळीला लागते.)

मात्र उत्साहाच्या भरात तीस-चाळीस वर्षं बंद असलेलं यंत्र थेट प्लगला लावू नका. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमधल्या जुन्या कपॅसिटरला तडे जातात, आत दमट हवा शिरते आणि खोलीभर धूर होतो. ते आधी जाणत्याकडून बदलून घ्या. आणि कॅसेट आधी वाचवा! पावसाळ्यात टेपला बुरशी धरते. बुरशी नसेल तर चांगल्या टेपरेकॉर्डरवर लावून तो किर्र आवाज आजच्या संगणकात रेकॉर्ड करून ठेवा. प्रोग्राम त्या आवाजातच असतो.

कुणाच्या माळ्यावर असं काही असेल तर भंगारवाल्याआधी मला कळवा. रिक्षाभाडं माझ्याकडे लागू.