पेल्यातलं ग्रीनलंड

एका विद्वानांनी नुकताच समुद्राचा प्रश्न पाण्याच्या पेल्यात सोडवून टाकला. काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फाचा खडा तरंगू द्या, वितळू द्या. थेंबही सांडत नाही. सबब बर्फ वितळून समुद्र चढतो ही थाप, शास्त्रज्ञांना फक्त अनुदान हवं असतं, आणि समुद्र काय, पूर्वीही वरखाली होतच होता!

पेल्याचा प्रयोग खरा आहे. शंभर ग्रॅमचा तरंगता खडा शंभर ग्रॅमच पाणी बाजूला सारतो आणि वितळल्यावर तेवढीच जागा भरतो. (समुद्र खारा, बर्फाचं पाणी गोडं, त्यामुळे तिथे किंचित वाढ होतेच; पण हा बारकावा विद्वानांकडे मागू नये.) उत्तर ध्रुवाजवळ समुद्रावर गोठलेला बर्फ वितळला तर पातळी फारशी हलत नाही, हे कोणी नाकारलंय? न केलेले दावे खोडण्यात आपल्याकडे हयाती गेल्या. धरणांच्या वादात कोणी 'आधी पुनर्वसन' म्हटलं की उत्तर यायचं, 'म्हणजे तुम्हाला वीज नको?'

आता त्याच भरल्या पेल्यावर चहाची गाळणी ठेवा आणि खडे गाळणीत टाका. थोड्या वेळाने टेबल पुसायला फडकं शोधावं लागेल. ग्रीनलंडचा बर्फ हा गाळणीतला बर्फ आहे. खडकावर बसलेला, जागोजागी ३ किलोमीटर जाड. तो सगळा उतरला तर जगभरचा समुद्र सरासरी ७ मीटर चढेल. अंटार्क्टिकाचा आकडा ५० मीटरच्या पुढचा. भारताचं मैत्री संशोधन केंद्र तिथे खडकावर उभं आहे, तराफ्यावर नाही.

बरं, तरंगता बर्फ तरी निरुपद्रवी आहे का? २००२ साली अंटार्क्टिकाचा लार्सन-बी हा तरंगता हिमथर काही आठवड्यांत फुटला. त्याने स्वतः समुद्र चढवला नाही. पण त्याने अडवून धरलेल्या मागच्या हिमनद्या सुटल्या आणि जमिनीवरचा बर्फ पूर्वीपेक्षा वेगाने पाण्यात उतरू लागला.

अनुदानाच्या आरोपाला उत्तर देत नाही. समुद्र पूर्वीही वरखाली होत होता हे मान्य. हिमयुगात तो सुमारे १२० मीटर खाली होता, पण तेव्हा कुलाब्यात कोणी फ्लॅट घेतले नव्हते.

आमचं म्हणणं साधं आहे. जमिनीवरचा बर्फ समुद्रात आला की पातळी चढते, आणि पाणी तापून फुगलं की चढते. १९९३ पासून उपग्रह हे मोजत आहेत. तेव्हापासूनची सरासरी वाढ सुमारे १० सेंटिमीटर. वीतभरही नाही, म्हणाल. पण मुंबईतल्या पर्जन्यवाहिन्यांची बहुतेक मुखं भरतीच्या पातळीखाली आहेत. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की पाणी समुद्रात उतरत नाही, हिंदमातासारख्या सखल भागात तुंबतं.