मूळ गिटार, मूळ पाठ

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एक जुनी बेस गिटार विकायला काढली. आम्ही म्हणजे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवणारे दोघे. आमच्यातला एक पदवीच्या वर्षांत वाद्यवृंदात बेस वाजवीत असे आणि दुसरा त्याच्या तारा उकळून देत असे. ही थट्टा नव्हे. बेसच्या जाड तारांच्या वेटोळ्यांत घाम आणि मळ साचला की त्यांचा नाद बसतो. नवा संच तेव्हा परवडण्यासारखा नव्हता. मग घरच्यांचा डोळा चुकवून एक पातेले मिळवायचे, पाणी उकळायचे, त्यात तारा दहा मिनिटे ठेवायच्या आणि कोरड्या करून पुन्हा चढवायच्या. पुढचे काही दिवस त्या बऱ्यापैकी वाजत.

गिऱ्हाईक म्हणून आलेला तरुण नम्र होता. बोलताना दर वाक्याला ‘सर’ म्हणे. सोबत छोटी विजेरी आणि स्क्रूड्रायव्हर. त्याने गिटार लगेच वाजवली नाही. आधी ती डोळ्यांसमोर आडवी धरून दांडी वाकली आहे काय ते पाहिले, फ्रेटांवरून, म्हणजे सतारीच्या भाषेत पडद्यांवरून, नख फिरवले आणि आमची परवानगी घेऊन मागचे चार स्क्रू काढून दांडी सोडवली. दांडीच्या टाचेवर एक तारीख होती, ढाच्याच्या खाचेत दुसरी. दोहोंत सहा वर्षांचे अंतर. “सर, नेक दुसऱ्याच गिटारची आहे,” तो म्हणाला. मग पिकअप बदललेला, आवाजाचे पॉट लॅमिंग्टन रोडवरून आणलेले, चारांतली एक खुंटी निराळी, असे एकेक निघत गेले. शेवटी त्याने सगळे पुन्हा जोडून दिले आणि वीसेक मिनिटे मन लावून वाजवली. “वाजते छान. पण ओरिजिनल नाही ना, सर.” आम्ही सांगितलेल्या किमतीच्या निम्मी किंमत त्याने देऊ केली. आम्ही नकार दिला.

पिकअप आणि पॉट आम्हीच बदलले होते, आणि विचारले असते तर सांगितलेही असते. दांडीची गोष्ट मात्र आम्हांलाच ठाऊक नव्हती. २००२ मध्ये बोटीवरच्या बँडमध्ये वाजवून परतलेल्या एका वादकाकडून ही गिटार घेतली, तेव्हा ती जपानहून आली तशीच आहे असे त्याने सांगितले होते. कदाचित त्यालाही कोणी तसेच सांगितले असेल. वीसहून अधिक वर्षे आम्ही तीच हकीकत पुढे सांगत आलो. एम. ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवणाऱ्या, हस्तलिखितातला प्रक्षेप कसा ओळखावा याचे नियम फळ्यावर लिहून देणाऱ्या आम्हां दोघांना हातातल्या वाद्यातला प्रक्षेप ओळखता आला नाही. त्या मुलाचा राग आला होता तो रात्रीपर्यंत ओसरला, आणि त्याने वापरलेला ‘ओरिजिनल’ हा शब्द मात्र मनात राहिला.

ज्या वाद्याविषयी हा शब्द सर्वांत जास्त वापरला जातो, त्याचाच इतिहास पाहावा. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली. त्याआधी सिॲटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकात विजेवर वाजणारी, पडद्यांची बेस केली होती, पण ती रुजली नाही. उभ्या डबल बेसला पडदे नसतात. स्वर नेमका कोठे आहे हे बोटानेच शोधावे लागते. फेंडर यांनी पडदे बसवले, स्वर नेमका मिळू लागला, आणि त्या नेमकेपणाचेच नाव वाद्याला मिळाले. हे गृहस्थ मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. त्यांनी दांडी सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी बसवली, कारण त्यामुळे उत्पादन सोपे होई आणि बिघडलेली दांडी काढून दुसरी लावता येई. म्हणजे आमच्या गिटारच्या बाबतीत कोणा अज्ञाताने जे केले, ते करता यावे म्हणूनच हा आराखडा होता! शिवाय फेंडर स्वतः तरी कोठे थांबले? १९५१ ची प्रिसिजन फळीसारखी सपाट, पुढे कडा घासून अंगाला बसेल अशी, १९५७ मध्ये पिकअप दोन तुकड्यांचा आणि दांडीचे डोकेही नवे. यातला मूळ पाठ कोणता म्हणायचा?

बाजाराने याचे उत्तर एका व्यवहाराच्या आधाराने ठरवले आहे. जानेवारी १९६५ मध्ये फेंडर यांनी आपली कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला एक कोटी तीस लाख डॉलरांना विकली. त्याआधीचे ते ‘प्री-सीबीएस’, आणि त्याची किंमत आकाशाला भिडलेली. हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा आमच्यापैकी एकाला हसू आवरेना. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या बाबतीत ‘एकनाथपूर्व’ हा शब्द याच स्वरात उच्चारला जातो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपल्या ओव्या घुसडू नयेत असे बजावले. राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपली ज्ञानेश्वरी छापली ती एकनाथपूर्व प्रतीवरून, असा त्यांचा दावा होता, आणि त्या दाव्यावर विद्वानांनी एकमेकांची किती शाई खर्ची घातली हे येथे सांगत बसत नाही. मुद्दा एवढाच की, सीमारेषा एकदा आखली गेली की तिच्या अलीकडचे सारे भ्रष्ट आणि पलीकडचे सारे पवित्र, अशी भावना आपोआप तयार होते. ग्रंथाच्या बाबतीत तिला निदान काही आधार तरी असतो, कारण तेथे एका कर्त्याचे शब्द शोधायचे असतात.

जुन्या गिटारच्या व्यापारातील रूढी अशी की, वाद्य पुन्हा रंगवले की किंमत साधारण निम्मी होते. नाद तोच राहिला तरी. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत फिंगरबोर्डाला ब्राझिली शिसवी वापरत. त्या लाकडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ पासून बंद झाल्याने त्याचेही मोल चढले. पुढे फेंडरच्या दांड्यांवर भारतीय शिसवी आली, म्हणजे आपल्या सह्याद्रीत उगवणाऱ्या जातीचीच, पण तिच्यासाठी कोणी हळहळत नाही. आणि या साऱ्यावर कडी म्हणजे ‘रेलिक’. १९९५ पासून फेंडर कंपनीचा खास विभाग नव्या गिटारचा रंग मुद्दाम खरवडून, धातूवर गंज चढवून, जणू चाळीस वर्षे वाजवल्यासारखी करून विकतो. त्यासाठी जास्त पैसे मोजणारे पुष्कळ आहेत. म्हणजे वादकाच्या घामाने झिजलेली, त्याच्या गरजेप्रमाणे बदललेली गिटार स्वस्त, आणि कारखान्यात झिजवलेली महाग!

ज्यांच्यामुळे या वाद्यांना किंमत आली, त्यांनी ही वाद्ये कशी वापरली? मोटाऊनच्या असंख्य गाण्यांत ज्याची बेस ऐकू येते तो जेम्स जेमरसन १९६२ ची प्रिसिजन वाजवी. तुटल्याशिवाय तो तार बदलत नसे, आणि नाद आखूड यावा म्हणून घोडीवरच्या झाकणाखाली फोमचा तुकडा असे. (आम्ही तारा उकळत होतो आणि हा माणूस मळाला हात लावत नव्हता!) जॅको पास्टोरियसची जॅझ बेसही १९६२ ची. तिचे पडदे उपटून, राहिलेल्या खाचा भरून, फिंगरबोर्डावर इपॉक्सीचा जाड थर दिलेला होता. पडदे कोणी आणि केव्हा काढले याविषयी त्याने स्वतः सांगितलेल्या हकीकती एकमेकींशी जुळत नाहीत. पण १९७६ मध्ये त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम आला आणि माणूस गावा तशी गाणारी बेस जगाने ऐकली. ज्या नेमकेपणावरून वाद्याला नाव मिळाले होते, तेच त्याने काढून टाकले आणि स्वर पुन्हा बोटावर सोपवला. आजच्या एखाद्या दलालाकडे १९६२ ची तशी गिटार अनामिक म्हणून गेली तर तो कपाळावर हात मारून घेईल. जॅकोची म्हणून गेली तर तिला मोल नाही. आणि फेंडरने पुढे जॅकोच्या नावाने अशाच बिनपडद्यांच्या गिटार काढून विकल्या.

पॉल मॅकार्टनी यांची गोष्ट आणखी बोलकी. १९६१ मध्ये हॅम्बुर्गला सुमारे तीस पौंडांना घेतलेली त्यांची व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीला गेली आणि ५१ वर्षांनी, २०२३ मध्ये, परत मिळाली. तशा हॉफनर पुष्कळ निघाल्या. ही नेमकी तीच हे ओळखायला १९६४ मधली दुरुस्ती उपयोगी पडते. तेव्हा ती पुन्हा रंगवली होती आणि दोन्ही पिकअप एकाच चौकटीत बसवले होते. बाजार ज्याला डाग म्हणतो, तीच येथे ओळखीची खूण आहे.

याचा अर्थ हाती करवत घेऊन निघावे असा कोणी काढू नये. कॅनडाच्या ‘रश’ बँडचा गेडी ली याने सत्तरच्या दशकात आपल्या प्रिसिजनचा ढाचा कापून थेंबाच्या आकाराचा करवून घेतला आणि पुढे त्याचा पश्चात्ताप केला. कापलेले लाकूड परत जोडता येत नाही. पिकअप परत लावता येतो. आमच्या लेखी सारा फरक येथे आहे.

ॲम्प्लिफायरविषयी थोडेच सांगतो, कारण तेथे आम्ही भित्रे आहोत. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये प्लग काढल्यावरही कपॅसिटरांत काहीशे व्होल्ट टिकून राहतात, आणि ते मराठीच्या अध्यापकाला ओळखत नाहीत. आमच्या एका स्नेह्याने अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्टांचा ॲम्प स्नेहसंमेलनाच्या सकाळी थेट आपल्या २३० व्होल्टांत खोचला. धूर निघाला, सूत्रसंचालकाने वेळ मारून नेली, बेस त्या दिवशी ऐकू आलीच नाही. पण ॲम्पच्या जगात मूळ-अमूळचा हट्ट कसा हास्यास्पद ठरतो याचे उदाहरण द्यायलाच हवे. फेंडरने १९५२ मध्ये खास बेससाठी ‘बासमन’ काढला. तो गाजवला मात्र साध्या गिटारवाल्यांनी. जिम मार्शल यांच्या लंडनमधल्या दुकानात १९६२ मध्ये त्याच्याच मंडलावरून पहिला मार्शल तयार झाला, आणि रॉक संगीताचा कर्कश, भरघोस नाद तेथून पुढे गेला. नक्कल, तीही चुकीच्या वापरासाठी बनवलेल्या नमुन्याची! १९६९ चा अँपेग एसव्हीटी ३०० वॅटांचा, नुसते डोकेच चाळीस किलोंच्या घरात. आता दोन-तीन किलोंचा क्लास-डी ॲम्प त्याहून जास्त ताकद देतो, त्यामुळे जुना अवजड ॲम्प विकणाऱ्याला गिऱ्हाइकाबरोबर हमालही शोधावा लागतो.

आपल्या संगीतात ‘बदल’ हा शब्दच या अर्थाने वापरत नाहीत. मिरजेचा तंबोरा पाहावा. घोडीचा पृष्ठभाग तारांनी झिजतो, नाद बसतो, मग कारागीर तो घासून पुन्हा जवारी लावतो. एखाद्या गायकाला खुली जवारी हवी असते, एखाद्याला बंद. पन्नास वर्षांच्या तंबोऱ्याची घोडी किती वेळा घासली असेल, केव्हा बदलली असेल, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. जवारी लावल्याने तंबोरा अमूळ झाला असे म्हणणाऱ्याला मिरजेत कोणी चहाही विचारणार नाही.

तरीही त्या तरुणाची बाजू आम्हांला पूर्ण सोडवत नाही. त्याला निम्म्या किमतीची घाई असेल, पण आम्ही ज्याला मूळ म्हणत होतो ते तसे नव्हते हेही खरे. खटकायला हवा तो बदल नव्हे, त्याची न झालेली नोंद. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्याने हाताळली आहे त्याला पानाचा खालचा भाग आठवेल. वर स्वीकारलेला पाठ, खाली पाठभेदांची रांग. संपादकाचे मत चुकीचे वाटले तर वाचकाला खालून दुसरा पाठ उचलता येतो, कारण काहीही फेकून दिलेले नाही. गिटार विकणाऱ्याने हेच करावे असे आमचे म्हणणे आहे. काय बदलले, कधी, कोणी, का, हे एका कागदावर लिहावे, आणि काढलेला प्रत्येक भाग, अगदी मोडका पॉटसुद्धा, पिशवीत घालून सोबत द्यावा. कागद दिलेली बदललेली गिटार कागद नसलेल्या अस्पर्श गिटारपेक्षा स्वस्त का असावी, याचे समाधानकारक कारण आम्हांला अजून कोणी दिलेले नाही.

आम्ही तो कागद केला. दोन संध्याकाळी गेल्या. २००४ मधला पिकअप आठवला, पॉट कोणत्या साली बदलले यावर भांडण झाले, आणि दांडीपुढे ‘आमच्यापूर्वी, अज्ञात’ असे लिहावे लागले. जुना पिकअप माळ्यावर शाईच्या रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यात सापडला. खुंटी सापडली नाही. मग त्या तरुणाला फोन करून त्याने सांगितलेल्या किमतीला गिटार दिली. कागद त्याने दोनदा वाचला, घडी घालून गिटारच्या पिशवीच्या कप्प्यात ठेवला आणि जाता जाता विचारले, “सर, मी पडदे काढले तर चालेल ना?”