हळवे कर्ज, गरवे काम

शहापूर-मुरबाडकडच्या शेतकऱ्याला भाताविषयी विचारा. तो आधी 'हळवे की गरवे' ते सांगेल. हळवे दसऱ्याच्या सुमारास कापणीला येते, गरवे दिवाळीच्या आगेमागे किंवा त्याहून उशिरा. माळाच्या हलक्या जमिनीत हळवे लावावे, पाणी धरणाऱ्या खोलगट खाचरात गरवे, हा इकडचा जुना हिशेब. कर्जालाही अशाच दोन जाती असतात. आणि दिवाळीचा बोनस शेअरांत घालू पाहणाऱ्या गृहस्थाने त्या ओळखल्या पाहिजेत.

कंपनीवर कर्ज किती, हा पहिला प्रश्न. १०० रुपयांच्या मालमत्तेत ५० रुपये कर्जाचे असले आणि मालमत्तेची किंमत १० रुपयांनी उतरली, तर भागधारकांच्या ५० तले १० गेले; पाचवा हिस्सा. तेच कर्ज ८० चे असले, तर २० तले १० गेले; निम्मे घर बुडाले! सावकाराचे देणे काही कमी होत नाही. तोटा आधी मालकाने सोसायचा, आणि शेअर घेणारा हा, चिमुकला का होईना, मालकच असतो.

पण खरी मेख दुसऱ्या प्रश्नात आहे. हे कर्ज फेडायचे कधी?

समजा, मुरबाडच्या एखाद्याने हापूसची कलमे लावली आणि त्यासाठी घेतलेले पैसे पुढच्या दसऱ्याला परत करायचे कबूल केले. कलम उत्तम, जमीन उत्तम, माणूस कष्टाळू. पण धरती आंबे द्यायला काही वर्षे घेणार! दर दसऱ्याला नवा सावकार गाठून जुन्याचे तोंड बंद करावे लागेल. ज्या वर्षी नवा सावकार 'नाही' म्हणेल, त्या वर्षी बाग जाईल.

आय. एल. अँड एफ. एस. या मुंबईच्या वित्तसंस्थेचे असेच झाले. रस्ते आणि बोगदे यांतले पैसे सुटायला वीस-वीस वर्षे लागतात; पुष्कळशी उसनवार मात्र थोड्या मुदतीची. २०१८ च्या पावसाळ्यात हप्ते चुकू लागले, तेव्हा समूहावर सुमारे ९१ हजार कोटींचे देणे होते. मग सगळेच सावकार सावध झाले. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला, दिवाण हाउसिंग फायनान्सचे अल्पमुदतीचे रोखे एका म्युच्युअल फंडाने पडत्या भावाने विकल्याची बातमी फुटली. लोकांना घरांसाठी दीर्घ मुदतीची कर्जे देणारी ही कंपनी. आदल्या दिवशी ६१० रुपयांच्या घरात असलेला तिचा शेअर त्या एका दिवसात ३५० च्या घरात आला! त्या दिवशी घरांचे हप्ते कोणी बुडवले नव्हते. नवा सावकार मिळेल की नाही, एवढीच शंका आली होती. पुढे कारभाराविषयी गंभीर आरोप झाले, २०१९ साली रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ दूर केले, आणि २०२१ साली कंपनी पिरामल समूहाकडे गेली. ठेवीदारांना काही अंशी पैसे मिळाले; भागधारकांच्या हाती शून्य आले.

'हळवा' या शब्दाचा दुसरा अर्थ वाचकांना ठाऊकच आहे. ज्या कंपनीचे काम गरवे आणि कर्ज हळवे, तिचा शेअरही हळवा होतो. एवढ्याशा बातमीने तो ढासळतो.

मग असली कर्जे घेतात तरी का? थोड्या मुदतीचे व्याज बहुधा कमी पडते आणि चांगल्या दिवसांत नफा फुगलेला दिसतो, म्हणून. सगळेच हळवे कर्ज वाईट असेही नाही. दिवाळीचा माल भरून महिनाभरात विकणाऱ्या दुकानदाराला तेच योग्य.

म्हणून, वाचकहो, कंपनीचा वार्षिक अहवाल हाती आला की अध्यक्षांच्या छायाचित्रावर रेंगाळू नका. ताळेबंदात दोन आकडे शोधा: येत्या वर्षात फेडायचे देणे किती, आणि येत्या वर्षात हाती येणारा पैसा किती. पहिला दुसऱ्याहून फार मोठा असेल, तर ती कंपनी नव्या सावकाराच्या मर्जीवर जगते आहे, असे समजावे. ऋण काढून सण करू नये, हे आपण घरात पाळतो. दुसऱ्याच्या ऋणावर आपला सण बेतण्यापूर्वी त्या ऋणाची तिथी तेवढी पाहून घ्यावी.