ठेका धरणारा माणूस

तबल्याच्या क्लासबाहेर पालकांची एक विचारणा हमखास ऐकू येते, ‘आमचा मुलगा सोलो कधी वाजवणार?’ ज्यांच्या घरी ड्रमसेटचा हट्ट चालू आहे, त्यांच्याही डोळ्यांसमोर रंगीत दिवे आणि टाळ्याच असतात. साथीला बसणे म्हणजे दुय्यम काम, असे आपण धरून चाललो आहोत. म्हणून आज गोष्ट एका साथीदाराची. त्यासाठी जायचे आहे माळव्यात.

धार आणि देवास ही पवारांची मराठी संस्थाने. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदली. या देवासात जानेवारी १९४८ मध्ये आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा एक तरुण गायक क्षयाचे दुखणे घेऊन कोरड्या हवेसाठी आला. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, म्हणजेच कुमार गंधर्व. पुढची काही वर्षे अंथरुणावर गेली. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झाले. १९५३च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले, तेव्हा गाणे बदललेले होते. लांबलचक तानांच्या जागी छोटे, धारदार तुकडे आले आणि दोन तुकड्यांमध्ये शांतता आली.

या गाण्याला वर्षानुवर्षे तबल्याची साथ केली वसंतराव आचरेकरांनी. त्यांच्या कामाची अवघड बाजू त्या शांततेतच होती. गायक थांबला की एक रिकामी जागा तयार होते. बोटांत तयारी असलेल्या वादकाला ती भरून काढण्याचा मोह होतो. दोन तुकडे फेकले की टाळीही मिळते. पण गायकाने ती जागा मुद्दाम ठेवलेली असते. तिथे साधा, सरळ ठेका चालू ठेवायला मोठा संयम लागतो. विलंबित एकतालात मात्रा बाराच, पण एकेक मात्रा इतकी लांब की किंचित घाई झाली तरी समेवर येणारा मुखडा डळमळतो. कुमारांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका लावून एकदा फक्त तबल्याकडे कान द्या, म्हणजे हे ध्यानात येईल.

आपल्याकडे कानडी घरांत गाणे शिकणाऱ्या मुलांना एक संस्कृत वचन सांगतात, ‘श्रुतिर्माता लयः पिता’. सूर ही आई, लय हा बाप. आईचे कौतुक सगळे करतात. बाप घर उभे धरून असतो, तो दिसत नाही.

साहेबाच्या देशातही हेच. १९७२ साली डेव्हिड बोवीचा ‘झिगी स्टारडस्ट’ हा अल्बम आला. तो ग्लॅम रॉकचा जमाना. पुरुषांच्या चेहऱ्यावर रंग, अंगावर चमचमते कपडे. एवढ्या झगमगाटात अल्बमचे पहिले गाणे सुरू होते ते नुसत्या ड्रमच्या साध्या ठोक्यांनी. वाजवणारा मिक वुडमॅन्सी. त्या ठोक्यांत कसलीही करामत नाही, म्हणूनच त्यावर गाणे उभे राहते. पुढे ३ जुलै १९७३ रोजी लंडनच्या कार्यक्रमात बोवीने मंचावरूनच हा शेवटचा प्रयोग असल्याचे जाहीर केले. मागे बसलेल्या वुडमॅन्सीला त्याची आधी कल्पनाही नव्हती! साथीदाराच्या वाट्याला हेही येते.

आचरेकरांचे नाव मात्र टिकले. कोकणात कणकवलीला त्यांच्या नावाचे सांस्कृतिक प्रतिष्ठान आहे. तिथे नाटके होतात, मैफली रंगतात. साथ करणाऱ्याच्या नावाने एखाद्या गावाचे सांस्कृतिक जीवन चालावे, हा मान मोठा आहे.

तेव्हा पालकहो, पुढच्या खेपेस गुरुजींना सोलोबद्दल विचारू नका. ‘दहा मिनिटे एकच ठेका न वाढवता, न घटवता धरतो का?’ असे विचारा. घरीही करून बघता येईल. आजी अभंग म्हणो की अज्जी बसवण्णांचे वचन, नातवाला शेजारी तबला घेऊन बसवा. आजी मध्येच दम खायला थांबेल. तेवढ्यात नातू काय करतो, तेच बघायचे.