लेकराचे पाय आत वळतात, दोष मात्र आईच्या माथी!

मूल पहिले पाऊल टाकते तेव्हा घरात आनंद असतो. चार-सहा महिने जातात आणि त्याच घरात कुजबूज सुरू होते. पोराची पावले सरळ पडत नाहीत, बोटे आतल्या बाजूला वळतात, धावताना पायात पाय अडकून पोर तोंडावर आपटते. शेजारीण विचारते, "अगं, ग्रहणात काही चिरलं-कापलं होतंस का?" सासू म्हणते, "आमच्या घराण्यात असं कुणाचं नाही बाई." आणि ज्या बाईने नऊ महिने ते लेकरू पोटात वाढवले ती मान खाली घालून ऐकून घेते. तिचा अपराध काय, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही!

ग्रहण म्हणजे सावली. चंद्राची पृथ्वीवर किंवा पृथ्वीची चंद्रावर. त्या सावलीचा आणि विळीवर भाजी चिरण्याचा लेकराच्या हाडांशी काहीही संबंध नाही. देव्हाऱ्यातले देव बाहेर काढलेल्या घरांतही ग्रहण मात्र अजून पाळले जाते, हे आपण मान्य केले पाहिजे. म्हणून लेकराचे पाय आत का वळतात याचे खरे उत्तर आपल्याला ठाऊक असले पाहिजे. खरे उत्तर नसले की त्या रिकाम्या जागेत भगत येऊन बसतो.

पोटात जागा थोडी. बाळ हातपाय दुमडून बसलेले असते. पाय आत वळलेल्या स्थितीतच त्याची बरीच वाढ होते. जन्मानंतर चालता-चालता, वाढता-वाढता हाडांचा हा पीळ हळूहळू सुटत जातो. कुणाचा लवकर सुटतो, कुणाचा उशिरा. हा पीळ तीन ठिकाणी असू शकतो. पहिले ठिकाण पाऊल. टाच सरळ असते, पण पुढचा भाग आत वळलेला. तळव्याकडून पाहिले तर पाऊल घेवड्याच्या दाण्यासारखे दिसते. हे जन्मतःच दिसते आणि बहुतेक बाळांमध्ये वर्ष-दीड वर्षात आपोआप सरळ होते. दुसरे ठिकाण नडगी. हे मूल चालायला लागल्यावर, एक ते तीन वर्षांच्या काळात लक्षात येते आणि चार-पाच वर्षांपर्यंत बहुधा निवळते. तिसरे ठिकाण मांडीचे हाड. हे तीन ते सहा वर्षांच्या वयात जास्त ठळक दिसते, मुलींमध्ये अधिक आढळते आणि आठ-दहा वर्षांपर्यंत हळूहळू कमी होत जाते. जन्माच्या वेळी मांडीच्या हाडाला साधारण ४० अंशांचा पीळ असतो. मोठ्या माणसात तो १५ अंशांच्या आसपास उरतो. म्हणजे लेकराचे शरीर हे काम रोज, न बोलता करीतच असते.

पीळ कुठे आहे याचा अंदाज घरीही येतो. लेकराला चड्डीवर, अनवाणी, आपल्याकडे चालत येऊ द्या. गुडघ्याची वाटी समोर पाहते पण पाऊल आत, तर पीळ नडगीत किंवा पावलात आहे. गुडघ्याच्या वाट्याच एकमेकींकडे पाहत असतील तर तो मांडीत आहे. आणि ही ठेवण बऱ्याचदा घरातूनच आलेली असते. तेव्हा सासूबाईंनी सुनेला बोलण्याआधी आपल्या मुलाचे लहानपण जरा आठवून पाहावे.

आता धंद्याकडे वळू. घाबरलेल्या आई-बापाला खास बूट विकले जातात. कडक चामड्याचे, आत पट्टी बसवलेले, कधी वर मांडीपर्यंत लोखंडी सळई आणि पट्टे. बांधकामावर किंवा नाक्यावर उभा राहून रोजावर जगणारा बाप कित्येक दिवसांची मजुरी त्या बुटात घालतो. लेकराचा पाय वाढता. सहा महिन्यांत बूट लहान होतो, की पुन्हा नवा. दोन-तीन वर्षांनी पाय सरळ होतात आणि सगळे म्हणतात, बुटाने गुण आला! कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला, तसा हा गुण. बूट नसता तरी पाय सरळ झाले असते, हे त्या बापाला कोण सांगणार?

युरोप-अमेरिकेतही मागच्या शतकात असे बूट आणि सळया लाखो मुलांना घातल्या गेल्या. नंतर मोजमाप सुरू झाले. अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञ लिन स्टाहेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांचे एक हजार पाय मोजून १९८५ साली निष्कर्ष मांडला, की सर्वसामान्य मुलांच्या पायांचा पीळ फार मोठ्या मर्यादेत कमी-जास्त असतो आणि वयाबरोबर बदलत जातो. आपण ज्याला व्यंग म्हणतो त्यातले बरेचसे या मर्यादेच्या आतच बसते. सपाट तळव्यांच्या बाबतीतही तेच घडले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मुलांचे गट पाडून किमान तीन वर्षे पाहिले गेले. खास बूट घातलेली आणि न घातलेली मुले यांच्यात फरक निघाला नाही. आज बालअस्थिरोगाचे जाणकार डॉक्टर आत वळणाऱ्या पायांसाठी असे बूट देत नाहीत. तरीही ते विकले जातात, कारण भीती अजून शिल्लक आहे.

भीती शिल्लक का राहते? याचे उत्तर आपल्या बाह्यरुग्ण विभागातल्या रांगेत आहे. आई रोज बुडवून, एसटीने येऊन, केसपेपर काढून दोन तास उभी राहते. डॉक्टर एकदा वर पाहतात आणि म्हणतात, "काही नाही, होईल बरं. पुढचा!" डॉक्टरांचे म्हणणे बहुतेक वेळा बरोबरच असते. पण का बरे होईल, कधी होईल, कोणत्या खुणा दिसल्या तर परत यायचे, हे कुणी सांगत नाही. पैसेवाल्याच्या लेकरासाठी हेच डॉक्टर खासगी दवाखान्यात पंधरा मिनिटे समजावून सांगतात. गरिबाला फक्त हुकूम मिळतो. ज्याला समजावले नाही त्याला आपल्याला झटकले असेच वाटणार, आणि दवाखान्यातून निघालेली ती आई थेट बुटाच्या दुकानात किंवा अंगाऱ्याच्या रांगेत जाणार. यात तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. ती लेकराला घेऊन आधी सरकारी दवाखान्यातच गेली होती!

खरी तपासणी दहा मिनिटांची आहे. लेकराला चालवून पाहायचे. मग टेबलावर पालथे झोपवून, गुडघे वाकवून, मांडी आत-बाहेर किती फिरते आणि पाऊल मांडीच्या रेषेत कसे दिसते ते पाहायचे. पावले हाताने सरळ होतात का ते पाहायचे. बहुतेक लेकरांना एक्स-रेही लागत नाही. मागायचीच तर ही दहा मिनिटे आणि चार वाक्ये मागितली पाहिजेत. राज्यघटनेच्या ४७व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. या कर्तव्यात इमारत आणि औषध येते, तसे समजावून सांगणेही येते.

पण "होईल बरं" हे वाक्य प्रत्येक लेकराला लागू पडत नाही. काही लेकरांच्या बाबतीत तेच वाक्य आयुष्याचे पांगळेपण देऊन जाते.

यात सर्वात आधी येतो क्लबफूट, म्हणजे जन्मतःच वाकडे पाऊल. साधारण हजार बाळांमागे एकाला तो असतो. टाच वर ओढलेली, तळवा आत पाहणारा, पाऊल ताठर. साध्या आत वळलेल्या पावलाला हाताने हलकेच सरळ करता येते, बाळाला गुदगुल्या केल्या तर ते स्वतःच सरळ करते. क्लबफूट तसा सरळ होत नाही. त्याला पहिल्या काही आठवड्यांतच उपचार लागतात, आणि ते उपचार उत्तम आहेत. स्पेनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात काम केलेल्या डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल हळूहळू सरळ करण्याची पद्धत विकसित केली. पाच-सात प्लास्टर, बहुतेकांना टाचेमागच्या शिरेला एक छोटा छेद, आणि शेवटचे प्लास्टर तीन आठवडे. मोठी शस्त्रक्रिया बहुतेकांना लागत नाही. तरीही कित्येक दशके जगभरचे शल्यविशारद कापाकापीच करीत राहिले. पोन्सेटी २००९ साली वारले तोपर्यंत मात्र त्यांची पद्धत जगाने स्वीकारली होती.

इथे एक धोक्याची गोष्ट आहे. क्लबफूटच्या लेकराला प्लास्टरनंतर दांडीला जोडलेले बूट घालावे लागतात. पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर, दिवसाचे २३ तास, आणि त्यानंतर चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेच्या वेळी. हे बूट सोडले की पाऊल पुन्हा वाकडे होते. वर मी ज्या बुटांवर टीका केली ते हे नव्हेत. हा लेख वाचून कुणी क्लबफूटच्या लेकराचे बूट काढून ठेवले तर ते लेकराचे वाटोळे ठरेल. कोणता बूट कशासाठी हे विचारा. क्लबफूटसाठी असेल तर एक रात्रही चुकवू नका.

क्लबफूट नसला तरी काही खुणा दिसल्या तर थांबू नये. एकच पाय आत वळतो, दुसरा सरळ. लेकरू लंगडते. पाय दुखतो, किंवा सांधा सुजतो. पाय ताठर वाटतात, लेकरू सतत चवड्यांवर चालते. अठरा महिने उलटले तरी चालत नाही. आधी नीट चालत होते आणि आता बिघडत चालले आहे. आठ-दहा वर्षांनंतरही पीळ इतका, की पळता येत नाही. कमी दिवसांचे जन्मलेले किंवा जन्मल्यावर उशिरा रडलेले लेकरू असेल तर मेंदूशी संबंधित सेरेब्रल पाल्सीची शंका घ्यावी लागते. पाय धनुष्यासारखे वाकले असतील आणि मनगटे रुंद दिसत असतील तर मुडदूस. त्यात हाडांना चुना आणि ड जीवनसत्त्व कमी पडते. जिथे ऊनच पोचत नाही अशा अंधाऱ्या खोल्यांत वाढणाऱ्या लेकरांना त्याचा धोका जास्त. लंगडण्यामागे कधी खुब्याचा सांधा सरकलेला असतो.

खुब्यावरून आठवले. बाळाचे पाय सरळ राहावेत म्हणून ते ताणून, घट्ट कापडात काठीसारखे बांधून ठेवण्याची पद्धत काही घरांत आहे. ती खुब्याला घातक आहे. मालीश करताना पाय पिरगाळून सरळ करणेही बंद झाले पाहिजे. हाडाचा पीळ मालिशने सुटत नाही. लेकराला पाय फाकवून कडेवर घेणे मात्र खुब्याला मानवते. आपल्या आयाबाया पिढ्यान्‌पिढ्या तेच करीत आल्या. गुडघे पुढे आणि पाय दोन्ही बाजूंना टाकून बसणाऱ्या मुलींना लोक दटावतात. त्या तशा बसतात कारण मांडीच्या पिळामुळे तीच बैठक त्यांना सोपी जाते. दटावल्याने हाड लवकर फिरत नाही.

शाळेचेही बोलले पाहिजे. "फेंगड्या" हे नाव एकदा चिकटले की दहावीपर्यंत सुटत नाही. शर्यतीतून, कबड्डीतून अशा मुलांना बाजूला बसवणाऱ्या शिक्षकांना कुणीतरी सांगायला हवे, की आत वळणारे पाय खेळाला आडवे येत नाहीत, उलट खेळल्याने मुलाचा तोल आणि स्नायू सुधारतात. पुढे जाऊन यामुळे सांधे झिजतात, ही भीतीही अभ्यासांतून खरी ठरलेली नाही. मुलीचे लग्न कसे होणार, या चिंतेने तिसऱ्या वर्षीच शस्त्रक्रियेची चौकशी करणारे बाप आहेत. मांडीचे हाड कापून फिरवण्याची ती शस्त्रक्रिया मोठी आहे. आठ-दहा वर्षांनंतर, तीही फार थोड्या मुलांना लागते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तोही आपल्याच राज्यात, पालघरमधून. त्यात वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतली मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासायची असतात. क्लबफूट आणि खुब्याचा जन्मजात दोष हे दोन्ही त्याच्या यादीत आहेत, पुढचे उपचार मोफत आहेत. आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत हे पथक शेवटचे कधी आले होते, हे सेविकेला विचारा. आले असेल तर लेकरांना अनवाणी चालवून पाहिले की फक्त वजन करून वही भरली, तेही विचारा.

आणि एक काम आपल्या मंडळांचे. १४ एप्रिलला वस्तीवस्तीत आरोग्य शिबिरे होतात. रक्तदाब आणि साखर तपासली जाते, चष्म्याचे नंबर काढले जातात. यंदा त्यात एक हाडांचा डॉक्टर बोलवा आणि मंडपात दहा पावलांची मोकळी जागा ठेवा. एक ते दहा वर्षांची लेकरे तिथून अनवाणी चालू द्या. ज्यांचे पाय वाढीबरोबर सुटणार आहेत त्यांच्या आईला तसे समजावून सांगा, तेही सासू आणि नवरा शेजारी उभे असताना. जे पाय ताठर आहेत, दुखतात, किंवा एकाच बाजूला वळतात, त्या लेकरांची नावे लिहून घ्या, आणि जिल्हा रुग्णालयात कोणत्या वारी जायचे, सोबत मंडळातला कोण जाईल, ते त्याच कागदावर लिहा.