दोन विद्यापीठें, एक शिदोरी

ज्या घरांत तीन पिढ्या पदवीधर आहेत, त्या घरच्या मुलानें कोणतें विद्यापीठ निवडावें हा प्रश्न फारसा बिकट नसतो. निवड चुकली तरी सावरावयास काका असतात, आत्याचें घर असतें, आणि एखादें वर्ष वायां गेलें तर तें सोसण्याची ऐपत असते. परंतु ज्या घरांतून उच्च शिक्षणाची पायरी पहिल्यानेंच कोणी चढत आहे, त्या घरीं हाच प्रश्न साऱ्या कुटुंबाच्या पोटाशीं येऊन भिडतो. या महिन्यांत आम्हीं तोच विषय घेतला आहे. कारण प्रवेशाचे दिवस आले कीं असा विद्यार्थी सल्ला विचारावयास शेवटीं आमच्या वाचकांपैकींच कोणाच्या तरी ओसरीवर येतो.

शिराळा तालुक्यांतील एखाद्या शेतकऱ्याची मुलगी जवळच्या महाविद्यालयांतून बी. एस्सी. झाली असें समजा. एम्. एस्सी.साठीं कोल्हापूरचें शिवाजी विद्यापीठ आणि पुण्याचें सावित्रीबाई फुले विद्यापीठ अशीं दोन्ही दारें तिला उघडीं आहेत. शिराळ्याची एस्. टी. पेठ नाक्यावर येते. तेथून महामार्ग दक्षिणेस कोल्हापुराकडे आणि उत्तरेस कराड-साताऱ्यावरून पुण्याकडे जातो. कोल्हापूरच्या मानानें पुणें सुमारें तिप्पट दूर. तिनें कोणत्या गाडींत बसावें?

पहिली गोष्ट, विद्येच्या तराजूंत या दोहोंत म्हणण्यासारखें अंतर दिसत नाहीं. विद्यापीठांचें मूल्यमापन करणाऱ्या 'नॅक' या परिषदेनें २०१७ सालीं पुण्यास ३.६० गुण व 'ए प्लस' श्रेणी दिली, आणि २०२१ सालीं कोल्हापुरास ३.५२ गुण व 'ए प्लस प्लस' श्रेणी दिली. गुण कमी असून श्रेणी वरची, हें कोडें कसें उलगडावें? २०१८ सालीं श्रेणीच्या मर्यादाच बदलल्या. पूर्वीं सर्वोच्च श्रेणीस ३.७६ गुण लागत, ते पुढें ३.५१ पुरूं लागले. म्हणून अक्षरांपुढील अधिक-चिन्हें मोजून कोणी निर्णय देऊं लागला, तर त्याला हें उदाहरण जरूर दाखवावें.

१९४९ पूर्वीं हा प्रश्न या स्वरूपांत उद्भवतच नसे. पुण्याच्या फर्ग्युसनमध्यें शिका, सांगलीच्या विलिंग्डनमध्यें शिका, किंवा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयांत शिका. पदवी मिळावयाची ती १८५७ सालच्या मुंबई विद्यापीठाचीच. त्यामुळें घरांत खल होई तो गांवाचा: मुलानें राहावयाचें कोठें आणि जेवावयाचें कोठें? १९४९ सालीं पुण्याचें आणि १९६२ सालीं कोल्हापूरचें विद्यापीठ निघालें, तेव्हांपासून नांवांची तुलना सुरू झाली आणि जेवणाचा प्रश्न मागें पडला. आमचें म्हणणें असें कीं, गरिबाच्या घरीं तो मागें पडलेला नाहीं. फक्त सल्ला देणारांच्या दृष्टीआड गेला आहे.

यशवंतराव चव्हाणांचें चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. आजच्या सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रें येथें १९१३ सालीं त्यांचा जन्म झाला. वडील लहानपणींच वारले. आई विठाबाई निरक्षर. कराडास मॅट्रिक होऊन ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयांत गेले, १९३८ सालीं बी. ए. झाले, आणि मग कायद्यासाठीं पुण्यास जाऊन १९४१ सालीं त्यांनीं तीही पदवी मिळविली. कोल्हापूर आधीं आणि पुणें नंतर या क्रमानें त्यांचें कांहीं अडलें नाहीं. १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं राष्ट्रपति डॉ. राधाकृष्णन् यांच्या हस्तें शिवाजी विद्यापीठाचें उद्घाटन झालें, तेव्हां महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदीं हेच कोल्हापूरचे जुने विद्यार्थी होते.

या प्रांतांत बहुजनांचीं मुलें शिकलीं तीं कोणत्या बळावर, हें पाहिलें म्हणजे आमचा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. शाहू महाराजांनीं १९०१ पासून कोल्हापुरांत निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें उभीं करविलीं. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं कराडजवळ काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि पुढें १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह चालविलें; तेथें सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसत आणि अंगमेहनत करून शिकत. शाळा उघडल्यानें शिक्षण होत नाहीं, आधीं चूल पेटावी लागते, हें या दोघांनीं पुरतें ओळखलें होतें.

आमच्या वाचकांच्या घराण्यांचा इतिहासही याहून वेगळा नाहीं. घरांतील इंग्रजी शिकणारा पहिला पुरुष पुष्कळदां सात घरीं वार लावून, नाहीं तर माधुकरी मागून शिकला. त्याच्या बुद्धीची कथा आपण नातवंडांस कौतुकानें सांगतों. सात घरच्या गृहिणींनीं वाढलेल्या भाताची कथा मात्र सांगावयाची राहून जाते. तो भात जात पाहून वाढला जात असे, हेंही स्पष्ट म्हटलें पाहिजे. शेजारच्या कुणब्याच्या मुलाची बुद्धि कमी नव्हती. त्याचे वार कोणी लावले नाहींत.

म्हणूनच 'पुण्यासच जा' असें सहज म्हणतांना आपण क्षणभर थांबावें. आपल्यास पुणें म्हणजे मावशीचें घर, आजारपणांत पेज, आणि कोणत्या प्राध्यापकांकडे जावें हें सांगणारा मावसभाऊ. त्या मुलीस पुणें म्हणजे आगाऊ भाडें, अनामत रक्कम आणि खाणावळीचें बिल. विद्यापीठ तेंच, पण घर बदललें कीं त्याची किंमत बदलते.

'सरकार फी माफ करतें ना?' असें कोणी विचारील. करतें, आणि त्या योजना अवश्य पाहाव्या. परंतु अटी बारकाईनें वाचाव्या. उदाहरणार्थ, २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींस मिळालेली पूर्ण शुल्कमाफी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठीं आहे. आपला विषय त्यांत बसतो कीं नाहीं, हें विचारल्यावांचून तिच्यावर विसंबूं नये. शिवाय राज्याच्या सवलती दोन्ही विद्यापीठांस सारख्याच लागू असल्यानें त्यांच्या योगें पारडें कोणत्याच बाजूस झुकत नाहीं. तें झुकतें वसतिगृहाच्या खोलीनें आणि दोन वेळच्या अन्नानें. भाऊरावांच्या धर्तीवर 'कमवा आणि शिका' योजना दोन्हीकडे आहे; तिच्यांत जागा मिळते काय, याची चौकशी अर्ज भरण्यापूर्वींच करावी.

इतकें म्हटल्यानें आम्ही कोल्हापूरचे वकील ठरत नाहीं. पुण्याचें थोरपण खरें आहे. खगोलशास्त्राची ओढ असलेल्या विद्यार्थ्यास विद्यापीठाच्या आवारांतच 'आयुका'सारखी संस्था लाभते. रसायनाच्या विद्यार्थ्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा जवळ असते. ज्याची वाट तिकडेच जाते, त्यानें कष्ट सोसूनही जावें. मात्र स्पर्धापरीक्षांच्या शिकवणीसाठीं पुणें हवें असेल, तर तसें घरीं उघड सांगावें. त्या इच्छेस एम्. एस्सी.चें नांव देऊं नये. उलट जवळीकही कधीं कधीं घातक होते. सुगी आली, बोलाव; पाहुणे आले, बोलाव; आई आजारी, बोलाव. मुलीच्या बाबतींत तर हें विशेषच घडतें, आणि प्रयोगशाळेंतील हजेरी बुडते. ज्या घरास पाय मागें ओढण्याची खोड आहे, त्या घरच्या मुलीस दूरचें गांवच तारक होईल.

तेव्हां निर्णय कसा करावा? खांब रोवतांना तो पुन:पुन्हा हालवून पाहतात, त्यास शास्त्रकार स्थूणानिखनन-न्याय म्हणतात. तसा प्रत्येक बेत हालवून पाहावा. वसतिगृहाची खोली लेखी मिळाली आहे, कीं नुसती मिळण्यासारखी आहे? महिन्याचा खरा खर्च तेथें दुसऱ्या वर्षांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यास विचारला काय? आपल्याला हव्या त्या शाखेचे अध्यापक तेथें आज आहेत काय? तालुक्यांतलें ओळखीचें कोणी तेथें आहे काय? आणि सर्वांत जड प्रश्न: यंदा पीक बुडालें, तर दुसरें वर्ष कशावर पुरें होईल? या शेवटच्या प्रश्नाला ज्या विद्यापीठाच्या बाबतींत उत्तर सांपडतें, तें आपलें विद्यापीठ. अर्धवट सुटलेल्या थोर नांवापेक्षां पुरी झालेली पदवी घरास अधिक उपयोगी पडते. कारण पहिली मुलगी परत आली, तर तिच्या धाकट्या बहिणीस कोणी पाठवीत नाहीं.

वाचकांस आमची विनंति एवढीच कीं, अशी मुलगी दारीं आली तर निर्णय तिचा तिला करूं द्यावा, पण चौकशी तिच्या एकटीवर टाकूं नये. अर्ज भरतांना शेजारीं बसावें. वसतिगृहाच्या कचेरींत काय विचारावयाचें तें कागदावर लिहून द्यावें. पुण्यास आपलें घर असेल आणि ती तिकडेच जाणार असेल, तर रविवारचें एक पान तिच्यासाठीं मांडावें, आणि तें मांडतांना तिची जात विचारूं नये. आपल्या पणजोबांचे वार ज्यांनीं लावले, त्यांचें देणें फेडण्याचा याहून सरळ मार्ग आम्हांस दिसत नाहीं.