ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका

सेमाडोहहून परतवाड्याला जायचे म्हणजे घाट उतरायचा. रात्री कोणीही म्हणणार, "राहू द्या आता, सकाळी पाहू." एरवी मीही हेच म्हणते. पण मैत्रिणींनो, घरात केमो चालू असलेला पेशंट असेल तर हे वाक्य तोंडातून काढूच नका.

केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार घटतात. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी ५०० च्या खाली गेल्या, की बरेचदा जखमेत पू धरत नाही, सूजही येत नाही. खूण उरते ती तापाची. कधी तोही नसतो, नुसती हुडहुडी भरते, माणूस गळून जातो, बरळतो. थर्मामीटरवर १००.४ दिसले की निघायचे. आपली सवय आधी क्रोसिन द्यायची! ताप उतरतो, जंतू रक्तात वाढतच राहतात. दवाखान्यात तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे, रिपोर्ट यायची वाट न पाहता.

पेशंट बाई असली तर ती ताप सांगते स्वयंपाक आटोपल्यावर. म्हणून थर्मामीटर आपणच लावावे.

नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलातून बाई गावी येते अन् कागद पिशवीच्या तळाशी जातात. ते दाराजवळ टांगा. कोणत्याही दवाखान्यात "अमुक तारखेला केमो झाली" हे आधी सांगा, नाहीतर साधा ताप समजून परत पाठवतील. अन् गाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवा. आमच्याकडे मोबाइलची रेंज कधी असते, कधी नसते.